घरात पाळलेलं कासव, पाठीचं दुखणं आणि उपचारासाठी जिल्ह्याबाहेरची वाट

अहिल्यानगर : मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला क्रेन लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बादलीतून एखादं कासव वर येतं. काठावर पोरं जमतात, मोबाईल निघतात, व्हिडिओ होतो. पुढं त्या कासवाचं काय होतं, हे व्हिडिओत नसतं. बऱ्याचदा लोक ते परत विहिरीत सोडतात. पण एखादं पोरगं हट्टाला पेटतं आणि कासव वस्तीवर जातं. तिथं त्याच्या वाट्याला प्लास्टिकचा टब, नाहीतर जनावरांच्या हौदाचा कोपरा येतो. मुळा-प्रवरेच्या कालव्यांवर हेच पाटाचं आवर्तन बंद झाल्यावर होतं. चारीतल्या डबक्यात कासव अडकतं आणि गुरं राखणाऱ्याच्या पिशवीतून घरी येतं.

दुसरी वाट दुकानातून येते. शहरात माशांच्या दुकानात रुपयाएवढी हिरवी पिल्लं काचेच्या पेटीत पोहत असतात. डोळ्यामागं लाल पट्टा असतो. वाढदिवसाला भेट म्हणून ती खेड्यात पोचतात. तिसरी वाट चोरून विकणाऱ्यांची. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव घरात ठेवलं की पैसा येतो, असं सांगून ते विकलं जातं.

वाट कोणतीही असो, वर्ष-दोन वर्षांनी चित्र सारखंच दिसतं. कासवाची पाठ वाकडी होते, मऊ पडते, तिच्यावर खड्डे पडतात नाहीतर वास यायला लागतो. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी हळद लावतं, कुणी तेल. शेवटी एका संध्याकाळी कासव गुपचूप विहिरीत किंवा शेततळ्यात टाकलं जातं. थोड्यांचंच वन विभागापर्यंत पोचतं. आणि पोचलं, तरी त्याच्यावर इलाज कुठं करायचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अजून धड सुटलेला नाही.

पाठ म्हणजे डबा नव्हे

कासवाची पाठ हा त्याच्या अंगावरचा कोट आहे, गरज पडली तर कासव त्यातून बाहेर निघतं, असं अनेक जण मानतात. तसं काही नसतं. कासवाचा मणका आणि बरगड्या त्या पाठीलाच जोडलेल्या असतात. वरची ढाल पन्नासाच्या आसपास हाडं एकमेकांत बसून तयार होते. टणक कासवात त्या हाडांवर आपल्या नखासारख्या पदार्थाची खवले असतात. खाली पोटाकडं दुसरी ढाल असते. दोन्ही ढालींत रक्त खेळतं, त्यांना स्पर्श कळतो आणि वेदनाही होतात. कासव बांधायला पाठीच्या कडेला ड्रिलनं भोक पाडून दोरी ओवतात, तेव्हा ते जिवंत हाडातून भोक पाडलेलं असतं. ते ओरडत नाही, म्हणून माणसाला वाटतं त्याला काही होत नाही.

आणखी एक गोष्ट. कासवाची फुप्फुसं वरच्या ढालीला अगदी लागून असतात. त्यामुळं पाठीला तडा गेला तर मामला वरवरचा राहत नाही.

पाठ हाड आहे हे एकदा ध्यानात आलं की पुढचं दूधवाल्या शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. गाय व्याली, सगळं कॅल्शियम दुधात उतरलं की ती थंड पडते, मान टाकते. लहान पोरांना ऊन आणि खुराक मिळाला नाही की मुडदूस होतो, पाय वाकतात. कासवाचं तेच. हाडाला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला अंगावर थेट ऊन लागतं. थेट म्हणजे थेट. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. काचेच्या टाकीत, ट्यूबलाईटखाली ठेवलेल्या कासवाला दिवसभर उजेड मिळतो, पण हाडाला हवं ते मिळत नाही. त्यात खायला घालतात भात, पोळी, बिस्कीट. दुकानातली वाळलेली कोळंबी मिळाली तर वर्षभर तेवढीच. कासव वाढत राहतं आणि हाड मागं राहतं.

असं झालं की पाठ दाबली तर लवते. कडा वर वळतात. मागचे पाय ओढत चालतं. चोच वाढून वाकडी होते, मग खाणंही सुटतं. मादी असेल तर अंडी पोटात अडकू शकतात. गाय थंड पडल्यावर सलाईनमधून कॅल्शियम दिलं की तासाभरात उभी राहते, तसा चमत्कार इथं होत नाही. पाठीचा वाकडेपणा दोन वर्षांत आलेला असतो आणि तो मागं जात नाही. उपचारानं एवढंच होतं की पुढची वाढ नीट होते.

याच्यावर कुणी सरळ सांगेल की मग ठेवा उन्हात. तेही अर्धवट ऐकलं की घात होतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर किंवा उघड्या टबात, सावली नसताना ठेवलेलं कासव थोड्या वेळात तापून मरतं. त्याला ऊन आणि सावली दोन्ही हवी, आणि कुठं बसायचं ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. घरातल्या टबात हे साधत नाही. दोष ठेवणाऱ्याच्या मायेत नाही, जागेतच आहे.

मऊ पाठ म्हणजे दर वेळी आजार नव्हे

इथं एक घोटाळा नेहमी होतो. आपल्या विहिरी, तळी, पाट, नदीत जे कासव सर्रास सापडतं त्याची पाठ मुळातच कातडीनं झाकलेली असते. पाठ गुळगुळीत, कडा थोड्या लवचिक, त्यावर बऱ्याचदा पिवळसर ठिपके. पोटाच्या बाजूला मागच्या पायांवर झाकणासारख्या झडपा असतात, म्हणून इंग्रजीत त्याला फ्लॅपशेल म्हणतात. मुंडकं आत घेतलं की ते झडपा मिटून बसतं. याच्या पाठीच्या कडा लवल्या म्हणजे आजार झाला असं नाही. ती त्याची ठेवणच आहे.

पण कातडीची पाठ म्हणजे जपायचीही कातडीसारखीच. सिमेंटच्या खरबरीत हौदात हे कासव रात्रंदिवस पोट घासत फिरतं. पोटाला आणि कडांना खरचटतं, त्या जागी लाल होतं, मग पांढरं पडतं, मग जखम चिघळते. नदीच्या तळाशी त्याला चिखल आणि वाळू मिळते. तो अंग पुरून बसणारा प्राणी आहे. हौदात पुरून बसायला काही नसतं.

टणक पाठीच्या कासवात वेगळं होतं. पाणी बदललेलं नसतं, त्यातच खाणं कुजतं, त्यातच विष्ठा. बाहेर येऊन अंग सुकवायला दगड नाही. मग खवल्यांच्या फटीत जंतू शिरतात. आधी एखादा फिक्का किंवा लालसर डाग दिसतो. पुढं खवला सुटतो, खाली खड्डा दिसतो, दाबलं तर घाण पाणी येतं आणि कुजका वास येतो. बोलीत याला पाठ सडणं म्हणतात आणि तो शब्द बरोबर आहे. ही सड हाडात उतरली की तिथून रक्तात जाते. तोवर कासव खात असतं, हलत असतं, म्हणून घरच्यांना वाटतं बरं आहे. एक दिवस ते मान लांब टाकून पडतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पाठीवरचं सगळंच घाबरण्यासारखं नसतं. हिरवं शेवाळ आलं तर बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. ते तारेच्या घासणीनं घासून काढणं हाच मोठा गुन्हा. काही पाणकासवांचे खवले वाढीच्या काळात पातळ पापुद्र्यासारखे सुटतात, खाली स्वच्छ नवा खवला असतो. तोही आजार नाही. खाली ओलसर, वासाचं, मऊ लागलं तर आजार.

चांदण्यांच्या कासवाची गोष्ट आणखी निराळी. ते पाण्यातलं नव्हेच. कोरड्या गवताळ, काटेरी रानात फिरणारं, गवत-पाला खाणारं कासव आहे. त्याच्या पाठीवर जन्मजात थोडे उंचवटे असतात. पण घरात ठेवून चुकीचा खुराक दिला, कोरड्या फरशीवर ठेवलं की ते उंचवटे वाढून पिरॅमिडसारखे टोकदार होतात. बाजारात अशी टोकदार पाठ दाखवून 'जातिवंत माल' म्हणून जास्त पैसे मागितले जातात, ते निव्वळ आजाराचे पैसे. या कासवाला पाण्याच्या टबात ठेवणारेही भेटतात. विहिरीत सोडलं तर ते बुडून मरतं. ज्यानं सोडलं तो मात्र पुण्य केल्याच्या समाधानात घरी येतो.

औषध म्हणून जे घातक ठरतं

खेड्यात प्रत्येक गोठ्यात औषधाची एक पेटी असते. तिथूनच धोका सुरू होतो. गोचीड, जंत यांवर गाई-शेळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं जातं, ते आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कासवाच्या अंगावर जळू किंवा किडा दिसला म्हणून हेच औषध थेंबभर दिलं तरी कासवाला लकवा मारून ते मरू शकतं. हे औषध कासवाला कोणत्याही परिस्थितीत द्यायचं नसतं. एवढी एक ओळ जरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरली तरी काही कासवं वाचतील.

दुसरं, फेविक्विक आणि एम-सील. रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या किंवा रोटाव्हेटर लागलेल्या कासवाची पाठ चिकटवून टाकायची हौस असते. आत माती, जंतू तसेच राहतात आणि वरून झाकण बसतं. आतल्या आत पू होतो. तिसरं, हळद-तेल-शेंदूर. श्रद्धेनं पाठीला शेंदूर फासतात. शेंदरात शिसं असतं, ते जखमेतून आणि तोंडातून पोटात जातं. तडा गेलेल्या पाठीवर पाणी किंवा औषध ओतलं तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकतं, हे तर वर आलंच. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जखमेवर माशी बसते, दोन दिवसांत अळ्या पडतात.

मग करायचं काय? फार थोडं. कासव कोरड्या, हवेशीर खोक्यात ठेवायचं, खाली स्वच्छ सुती कापड, वरून जाळी किंवा पातळ फडकं, म्हणजे माशी बसणार नाही. पाठ फुटलेली असेल तर पाणकासवालासुद्धा पाण्यात सोडायचं नाही. खायला घालायची घाई करायची नाही. उलटं-पालटं करून फोटो काढायचे नाहीत. खोकं सावलीत, कुत्र्यापासून लांब. आणि फोन करायचा. वन विभागाचा राज्यभरासाठी १९२६ हा मदत क्रमांक आहे. गावच्या वनरक्षकाचा नंबर असेल तर त्याला थेट सांगितलेलं आणखी बरं.

हात साबणानं धुवायचे, हेही सांगायला हवं. कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, कासव धडधाकट असलं तरीही. त्यानं लहान मुलांना जुलाब, ताप येतो. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालत होती. आपल्याकडं त्या मापाची पिल्लं खेळणं म्हणूनच घरी येतात आणि त्यांचा टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुतला जातो.

कायदा काय म्हणतो आणि गाव काय ऐकतं

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. विहिरीत सापडणारं झडपांचं कासव आधीपासून पहिल्या अनुसूचीत होतं, म्हणजे कागदावर वाघ-बिबट्याच्या रांगेत. चांदण्यांचं कासव आधी चौथ्या अनुसूचीत होतं, दुरुस्तीनंतर तेही पहिल्यात आलं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडण्या-बाळगण्यासाठी कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे, दंड किमान २५ हजार रुपये. लाल पट्ट्याचं कासव मात्र मूळचं अमेरिकेतलं आहे. ते दुकानात उघड दिसतं आणि विहिरीतलं घरात ठेवणं गुन्हा ठरतं, यामागं हे कारण आहे. हा फरक गावात कुणी समजावून सांगितलेला नाही. मग 'दुकानात चालतं तर आमच्या घरी का नाही' असा सवाल येतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

कायद्याच्या ३९ व्या कलमानं असा प्राणी सरकारची मालमत्ता आहे. तो कुणाच्या हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. गावात हे ४८ तास कुणाला माहीत नाहीत, सात वर्षं मात्र सगळ्यांना माहीत आहेत. साहजिकच ज्याच्या घरी दोन वर्षं कासव आहे आणि त्याची पाठ आता सडतेय, तो माणूस वन कार्यालयाची पायरी चढत नाही. आणून दिलं तर कौतुक होईल की गुन्हा दाखल होईल, हे समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे असं त्याला वाटतं. तेवढी जोखीम एका कासवासाठी कोण घेईल?

म्हणून रात्रीची विहीर. कायद्यानं प्राणी वाचवायचा आणि कायद्याच्या भीतीनं आजारी प्राणी विहिरीत पडायचा, असा हा उलटा खेळ झाला आहे. हे थांबवायला नवा कायदा लागत नाही. वन विभागानं वर्षातून एकदा, समजा जून महिन्यात पहिल्या पावसाच्या वेळी, गावोगावच्या ग्रुपवर एक साधी सूचना टाकावी: घरातलं कासव अमुक तारखेपर्यंत आपणहून आणून द्या, कुठं द्यायचं ते हे, आणून देणाऱ्याला काय विचारलं जाईल ते हे. विकणाऱ्याला सोडू नये, पण पोराच्या हट्टापायी कासव आणलेल्या बापाला तस्करांच्या रांगेत उभं करू नये. दोघांतला फरक गावपातळीवर वनरक्षकाला पाच मिनिटांत कळतो.

विकणाऱ्यांचा बाजार अजून जोरात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'वीस नखी' कासवानं पैशांचा पाऊस पडतो म्हणून लाखांचे व्यवहार ठरतात. एवढंच तपासून पाहावं: विहिरीतल्या मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीन, म्हणजे चार पायांना मिळून बारा नखं असतात. चांदण्यांच्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. विसाचा हिशोब बसवायला निसर्गानं कासव केलेलं नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून राज्यात आहे आणि असल्या व्यवहाराला तोही लागू शकतो.

कासवाबद्दल आपल्याकडं आदर नाही असं कुणी म्हणणार नाही. देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावल्याशिवाय माणूस पुढं जात नाही. नेवाशाच्या भूमीत ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते ही उपमा कीर्तनातून सगळ्यांच्या कानावर आहे. खऱ्या कासवीचं मात्र तसं नसतं. ती मातीत अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटं. त्याला माणसाच्या नजरेचीही गरज नसते, नदीकाठची ओली माती पुरते.

खोकं घेऊन जायचं कुठं

आता मूळ प्रश्न. समजा माणूस घाबरला नाही, १९२६ ला फोन केला, वनरक्षक आला, पंचनामा झाला, कासव ताब्यात घेतलं. पाठ मऊ आहे, एका कडेला सडलीय. पुढं?

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर असतो. त्याच्या दारात लंपीची गाय, अडलेली म्हैस, फुगलेली शेळी. सरपटणाऱ्या प्राण्याचा एक्स-रे, त्याला लागणाऱ्या औषधाचा थेंबाथेंबाचा हिशोब, दर दोन-तीन दिवसांनी एक असं कित्येक आठवडे चालणारं इंजेक्शन, महिनोन् महिने ड्रेसिंग, हे त्या दवाखान्याकडून होणं अवघड आहे. डॉक्टरांची इच्छा असली तरी हात तोकडे पडतात. कासवाचं शरीर थंड, सगळं संथ. पाठीची जखम भरायला कित्येकदा वर्षसुद्धा लागतं. तोवर त्याला गरम-थंड सांभाळलेली जागा, स्वच्छ पाणी आणि ऊन हवं.

वन विभागाचंही तेच. आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगावकडं माणसांवर हल्ले होतात. पिंजरा लावायचा की कासवाला ऊन दाखवायचं, असा प्रसंग आला तर वनरक्षक काय करणार हे सांगायला नको. आणि त्यानं बिबट्याकडं जावं हेच गाव म्हणेल.

म्हणून गंभीर प्राणी जिल्ह्याबाहेर जातात. पुण्याला बावधनमध्ये वन विभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, ते रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट चालवते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथं वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वन विभागाबरोबर काम करते. नाशिकला म्हसरूळ भागात उपचार केंद्र आहे. कोपरगाव, संगमनेर, अकोल्याच्या माणसाला नाशिक किंवा जुन्नर त्यातल्या त्यात जवळ पडतं. जामखेड, पाथर्डी, शेवगावच्या वनरक्षकानं खोकं घेऊन पुण्याला जाऊन यायचं म्हटलं तर अख्खा दिवस आणि गाडीचं डिझेल. एका कासवासाठी तो खर्च कागदावर कसा दाखवायचा हाही प्रश्नच.

पुण्याच्या केंद्रानं काय करता येतं ते दाखवून दिलं आहे. लोकांच्या घरातून आणि तस्करांकडून आलेली चारशेहून जास्त कासवं काही वर्षांपूर्वी पुण्यातून विदर्भात नेण्यात आली. त्यांत बहुतेक चांदण्यांची होती. गाडीतून उतरवून रानात ओतली असं झालं नाही. आधी तपासणी, उपचार, मग रानाची सवय आणि मग सुटका. घरात पोळी खाऊन वाढलेल्या कासवाला गवत शोधायला शिकावं लागतं. आणि ज्याची पाठ फारच वाकली, ज्याला पाय टेकता येत नाहीत, ते रानात टिकत नाही, त्याला जन्मभर सांभाळावं लागतं. घरातल्या दोन वर्षांची ही किंमत.

नुसतं 'निसर्गात सोडलं' ही बातमी म्हणून पुरेशी नाही. कोणतं कासव, कुठं सोडलं, तपासलं होतं का, हे विचारायला हवं. लाल पट्ट्याचं परदेशी कासव गोदावरीत सोडणं म्हणजे तर नवं संकट. जगातल्या सगळ्यांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत ते आहे. ते आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. आणि आपल्या गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात लीथचं मऊ पाठीचं कासव आहे, जे आता अतिसंकटग्रस्त म्हणून गणलं जातं. २०२२ मध्ये पनामात झालेल्या जागतिक परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापारावर सगळ्यांत कडक बंदी आली. नाथसागराच्या काठच्या गावांत मासेमारीच्या जाळ्यात मोठं मऊ पाठीचं कासव आलं तर ते हेही असू शकतं. त्याला तिथंच, जाळं कापून का होईना, पाण्यात सोडणं सगळ्यांत शहाणपणाचं. ते निरोगी असतं, त्याला दवाखान्याची गरज नसते.

शेततळ्याचंही सांगायला हवं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्या कासवाला वर चढता येत नाही, नखं घसरतात. कडेला काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवला तर कासवालाच काय, कुत्र्याला आणि माणसालाही वर येता येतं. खर्च शे-दोनशे रुपये.

राहाता तालुक्यात सावळीविहीरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेली आहे. दुधाच्या जिल्ह्याला ते हवंच होतं. त्याच्या आराखड्यात वन्यप्राण्यांसाठी दोन खोल्या, एक लहान एक्स-रे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक उन्हाची जागा आत्ताच मागून घेतली तर जमेल. इमारत उभी राहिल्यावर मागितली तर पुढची दहा वर्षं फाईल फिरेल. तोवर जिल्हा नियोजन समितीला एवढं करता येईल: बिबट्याच्या पिंजऱ्यांना पैसे देताना त्यातच प्रत्येक वनपरिक्षेत्राला लहान प्राणी नेण्याची दोन खोकी, जखमी प्राणी जिल्ह्याबाहेर पोचवायचा प्रवासखर्च आणि तालुक्याच्या एका पशुवैद्यकाला पुण्यात आठवडाभराचं प्रशिक्षण, एवढी तरतूद. हा खर्च एका पिंजऱ्याच्या पुढं-मागंच असेल.

आमदार-खासदारांच्या जनता दरबारात कासवाचा अर्ज घेऊन कोण जाणार, हे खरंच. पण ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत नदी आहे, पाट आहे, तिच्या जैवविविधता समितीच्या वहीत आपल्याकडं कोणतं कासव सापडतं याची नोंद असायला पाहिजे. बऱ्याच गावांत ही वही कपाटात आहे आणि समितीचे सदस्य कोण हे सदस्यांनाच माहीत नसतं. येत्या ग्रामसभेत ती वही बाहेर काढून मागता येईल, आणि तिच्या शेवटच्या पानावर वनरक्षकाचा नाव-नंबर, १९२६ आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता लिहून घेता येईल. विहिरींचा गाळ काढायचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे झालेलं बरं.